विषाणूचा पेशीप्रवेश

जुलै 2022 मध्ये पालघर जिल्ह्यातील एका आश्रमशाळेत झिकाचा रुग्ण आढळला, तेव्हा हे नाव आपल्यापैकी पुष्कळांनी प्रथमच ऐकले असेल. डेंग्यूचे नाव मात्र बोईसर-तारापूरच्या घराघरांत परिचित आहे. ही दोन्ही दुखणी भावंडांसारखी आहेत. दोहोंचे विषाणू एकाच कुळातले, दोहोंचे वाहन एकच, म्हणजे एडिस जातीचा डास. आणि माणसाच्या पेशीत शिरण्याची दोहोंची रीतही एकच. ही रीत समजावून घेणे हा आजचा आपला विषय होय. तो निव्वळ कुतूहलाचा नाही. डेंग्यूचा दुसरा ताप कित्येकदा पहिल्याहून घातक का ठरतो आणि त्यावरची लस इतकी अवघड का झाली, याच्या उत्तराचा मोठा भाग या रीतीतच आहे.

प्रथम विषाणूचे रूप पाहू. डेंग्यूचे सुमारे 20,000 कण एका ओळीत मांडावे, तेव्हा कोठे एक मिलिमीटर भरतो. कणाच्या मध्यभागी सुमारे 11,000 अक्षरांचा आरएनएचा धागा असतो. तोच त्याचा सारा संसार. त्याभोवती प्रथिन, आणि प्रथिनाबाहेर स्निग्ध पदार्थाचे पातळ आवरण. हे आवरण विषाणू स्वतः तयार करीत नाही. ज्या पेशीत तो वाढला, तिच्याच अंतर्गत पटलाचा तुकडा अंगाभोवती गुंडाळून तो बाहेर पडतो. चोराने घरधन्याचाच अंगरखा घालून निघावे, तसा हा प्रकार. या आवरणावर एका प्रथिनाचे 180 रेणू जोडीजोडीने आडवे, छपरावरील कौलांसारखे दाटीने बसविलेले असतात.

आपली पेशीही अशाच स्निग्ध पटलाने वेढलेली आहे. मग आमटीवरचे तेलाचे दोन थेंब भिडताच एक होतात, तशी ही दोन पटले आपसूक एक का होत नाहीत? कारण असे की, या पटलांचा बाहेरचा पृष्ठभाग पाण्याचा लोभी असतो. त्याला धरून राहिलेला पाण्याचा थर दूर सारल्याशिवाय ती भिडूच शकत नाहीत, आणि तो सारण्यास जोर लागतो. विषाणूपाशी ना इंधन, ना कोणता कारखाना. त्याचा सारा जोर त्या 180 रेणूंत, ताणलेल्या धनुष्यातील जोरासारखा, आधीच साठविलेला असतो.

विषाणू पेशीस चिकटला की, बाहेरचे पदार्थ आत घेण्याच्या आपल्या नित्याच्या रीतीने पेशी त्याला पटलाच्या पिशवीत घालून आत ओढते. पिशवीत असेतोवर तो खऱ्या अर्थाने आत आलेला नसतो. घरात आणलेल्या कुलूपबंद पेटीतली वस्तू घरास उपयोगी नाही, तसेच हे. मग पेशी त्या पिशवीत नेहमीच्या शिरस्त्याने आम्लता वाढवू लागते. नेमक्या याच आंबटपणाची विषाणूला गरज असते.

आम्लता वाढताच रेणूंच्या जोड्या सुटतात. आडवे रेणू उभे राहतात, तिघातिघांचे गट करतात, आणि त्यांच्या टोकाशी झाकलेला, पाण्याला विन्मुख असा भाग पिशवीच्या पटलात रुततो. सातपाटीला होडी धक्क्याशी लावताना दोर खुंटाला अडकवितात आणि मग खेचतात. येथेही तेच घडते. रेणूचे एक टोक विषाणूच्या आवरणात, दुसरे पिशवीच्या पटलात, आणि रेणू मधोमध दुमडतो. दोन्ही टोके जवळ आली की दोन्ही पटलेही भिडतात. प्रथम त्यांचे समोरासमोरचे थर एक होतात, मग उरलेले. एक छिद्र पडते, आणि त्यातून आरएनए पेशीद्रव्यात उतरतो. आता पेशी त्याच्या आज्ञेने नवे विषाणू घडवू लागते.

येथे चौकस श्रोता विचारील की, नवे विषाणू पेशीतून बाहेर पडतानाही आम्लधर्मी भागातून जातात, मग हे धनुष्य तेथेच का सुटत नाही? याची तजवीज आहे. त्या वाटेवर रेणूच्या टोकावर दुसऱ्या एका प्रथिनाची टोपी असते. पेशीतलेच एक विकर ती टोपी वाटेत कापते. पण कापलेली टोपी आम्लात जागेवरच राहते आणि विषाणू बाहेर आल्यावर गळून पडते.

आता दुसऱ्या तापाकडे वळू. डेंग्यूचे चार प्रकार आहेत. एका प्रकाराविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे दुसऱ्या प्रकारास चिकटतात खरी, पण पुष्कळदा त्याला निकामी करू शकत नाहीत. रक्तातील काही भक्षक पेशींना मात्र प्रतिपिंड चिकटलेली वस्तू गिळण्याची सवय असते. त्या विषाणूला गिळतात आणि त्याच आंबट पिशवीत नेऊन सोडतात. पहारेकऱ्यानेच चोराला तिजोरीपाशी पोहोचवावे, असे हे होते. म्हणून लस चारही प्रकारांवर सारखीच समर्थ हवी. पूर्वी डेंग्यू न झालेल्या मुलांना एका लशीमुळे पुढे तीव्र आजाराचा धोका वाढतो, हे 2017 मध्ये उघड झाले. भारतात चारही प्रकारांवरील एका लशीची तिसऱ्या टप्प्याची चाचणी ऑगस्ट 2024 मध्ये रोहतक येथे सुरू झाली.

हे ज्ञान कोरडे नाही. एड्सच्या विषाणूतील अशाच प्रथिनाचे दुमडणे अडविणारे औषध 2003 मध्ये मान्य झाले. कोविडच्या काही लशींत काटेरी प्रथिन न दुमडलेल्या रूपातच जखडून ठेवलेले आहे, ते शरीराला त्याची खरी ओळख पटावी म्हणून. डेंग्यूवर मात्र असे खास औषध अद्याप हाती आलेले नाही.

तोवर आपल्या हाती काय आहे? साबणाने स्निग्ध आवरण विरघळते, म्हणून कोविडच्या काळात हात धुण्याचा उपयोग झाला. पण डेंग्यूचा विषाणू डासाच्या सोंडेतून थेट अंगात येतो, तेथे साबण काय करणार? पेशीच्या दारापाशी विषाणूला अडविणे आपल्याला साधत नसेल, तर त्याला घराच्या दारापाशी अडवावे. एडिसची अंडी पिंपाच्या आतल्या कडेस चिकटून कोरडी राहूनही कित्येक महिने टिकतात, आणि पाणी लागताच त्यांतून अळ्या निघतात. तेव्हा पिंप नुसते ओतून चालणार नाही; आठवड्यातून एकदा आतून घासून काढावे आणि झाकून ठेवावे. कारखान्यामागे पडलेले टायर आणि डबे पावसाळ्यापूर्वी हलवावेत. एवढे काम बोईसरच्या चाळीत आणि पालघरच्या बंगल्यात सारखेच करता येण्याजोगे आहे.