पाणीपट्टी निम्मी, ड्रम रिकामा

१५ जानेवारी २०२६ रोजी मतदान झालं आणि जवळपास सहा वर्षांनी छत्रपती संभाजीनगर महापालिकेला पुन्हा नगरसेवक मिळाले. एप्रिल २०२० मध्ये आधीच्या सभागृहाची मुदत संपली होती. तेव्हापासून प्रशासकच स्थायी समिती आणि प्रशासकच सर्वसाधारण सभा. प्रचारात गल्लोगल्ली पाण्याची भाषणं झाली. ती ऐकताना मला २०२२ चा मे महिना आठवत राहिला. पाणीपट्टी निम्मी करण्याच्या महापालिकेच्या निर्णयानं सामान्य माणसाच्या घरखर्चाला थेट हातभार लागला, असा मला आठवणारा तो एकच मोठा प्रसंग. ती मदत कुणाला मिळाली आणि कुणाला नाही, हे विचारायला तेव्हा सभागृहच नव्हतं.

या शहराला पाण्याची जुनी पुण्याई आहे. मलिक अंबरनं सतराव्या शतकात जमिनीखालून नहरी आणल्या, नंतरच्या काळात पाणचक्की फिरली, थत्ते हौद भरला. पुढं नगरपालिका आली, १९८२ मध्ये महापालिका झाली, १९८८ मध्ये तिची पहिली निवडणूक झाली. जायकवाडीहून एक जलवाहिनी सत्तरच्या दशकात आली, दुसरी नव्वदीच्या सुरुवातीला. त्यानंतर शहर चारी दिशांनी वाढत गेलं आणि वाहिन्या होत्या तेवढ्याच राहिल्या. त्या वर्षांबद्दल याहून जास्त सांगण्यासारखं नाही. भांडणं शहराच्या नावावरून झाली, पाण्यावरून झाली नाहीत.

खरं बोलायला हवं ते ‘समांतर’च्या दशकाबद्दल. जायकवाडीहून जुन्या वाहिन्यांना समांतर नवी मोठी वाहिनी टाकायची, अंतर्गत जाळं बदलायचं, आणि हे सगळं खासगी भागीदारीतून करायचं, अशी ती योजना. चोवीस तास पाणी मिळणार, असं सांगितलं गेलं. सप्टेंबर २०१४ मध्ये शहराचा पाणीपुरवठा औरंगाबाद सिटी वॉटर युटिलिटी या कंपनीच्या हाती गेला. पाणीपट्टीत दरवर्षी दहा टक्के वाढ होणार, हे आधीच ठरलेलं होतं. याला विरोध करणारे लोक शहरात होते. त्यांनी करार वाचला होता, कलमं तोंडपाठ केली होती, निवेदनं दिली, मोर्चे काढले, कोर्टात गेले. त्यांना ‘विकासाचे विरोधक’ म्हणणाऱ्यांची नावं शहर विसरलं असेल, मी विसरलेलो नाही. २०१६ मध्ये सर्वसाधारण सभेनं करार मोडण्याचा ठराव केला आणि पाणीपुरवठा पुन्हा महापालिकेकडं आला. कंपनी गेली, समांतर वाहिनी झालीच नाही, दरवाढ मात्र शहराच्या मानगुटीवर बसून राहिली. अर्ध्या इंची घरगुती नळाची वर्षाची पाणीपट्टी चढत चढत ४०५० रुपयांवर गेली. चोवीस तासांच्या पाण्यासाठी ठरवलेला दर लोकांनी चार-पाच दिवसांआड येणाऱ्या पाण्यासाठी भरला. माझ्या लेखी ही उघड लूट होती, आणि सर्व पक्षांच्या सह्यांनी झालेली लूट होती.

२०२२ च्या उन्हाळ्यात कडेलोट झाला. काही भागांत पाण्याचा गॅप आठवड्यावर गेला. रात्री दोनला पाणी सुटलं तर बायका रात्री दोनला उठायच्या, आणि लाइनमननं फोन उचलला तर तेच नशीब समजायच्या. मोर्चे निघू लागले. २३ मे रोजी देवेंद्र फडणवीसांच्या नेतृत्वाखाली भाजपचा जलआक्रोश मोर्चा झाला. त्याच महिन्यात तेव्हाचे पालकमंत्री सुभाष देसाई यांनी पाणीपट्टी निम्मी केल्याचं जाहीर केलं होतं. ४०५० चे २०२५ झाले.

हा दिलासा खरा होता. ज्या घरात महिन्याला दहा-बारा हजार येतात, तिथं वर्षाचे दोन हजार वाचणं म्हणजे मुलांच्या वह्या-दप्तराचा खर्च निघणं. पण हिशेब मांडून पाहा. पाच दिवसांनी एकदा पाणी म्हणजे वर्षात ७३ वेळा. ४०५० च्या दरानं एका वेळेला साधारण ५५ रुपये पडायचे, निम्म्या दरानं २८ रुपये. आठ दिवसांनी पाणी आलं तर वर्षात ४५ वेळा, म्हणजे निम्मी पट्टी भरूनही एका वेळेला ४४-४५ रुपये. मधल्या दिवसांचे जार आणि टँकर वेगळेच. पट्टी निम्मी झाली तरी घराचा पाण्याचा खर्च निम्मा झाला नाही.

याहून मोठी चूक मला वाटपात दिसते. सवलत नळामागे दिली गेली. बंगल्याचा अर्धा इंची नळ आणि दोन खोल्यांच्या घराचा अर्धा इंची नळ, दोघांना सारखेच २०२५ रुपये सुटले. बंगल्यात जमिनीखाली मोठी टाकी आणि त्यावर मोटार, दोन खोल्यांत चार हंडे आणि एक ड्रम. आणि ज्यांच्याकडं नळच नाही? या शहरातल्या गुंठेवारी वसाहतींमध्ये हजारो कुटुंबं टँकरच्या भरवशावर जगली. आमच्या गल्लीत धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशी अशाच एका वसाहतीत राहतात. पट्टी निम्मी झाल्याची बातमी मी त्यांना आनंदानं सांगितली, तेव्हा त्या म्हणाल्या, “दादा, आमाला नळच न्हाई, तर पट्टी कशाची निम्मी?” ज्यांना पाणी सगळ्यात महाग पडतं, त्यांना या सवलतीतून एक रुपयाही मिळाला नाही.

सरकारी मदत तशी मधल्या काळात वाढली. संजय गांधी निराधार योजनेचे हजार रुपये २०२३ मध्ये दीड हजार झाले. २०२४ पासून लाडक्या बहिणींच्या खात्यात महिन्याला १५०० रुपये येऊ लागले. हा पैसा राज्याचा, तहसील आणि बँकेतून फिरणारा. त्याचं मी स्वागतच करतो. पण नळ नसलेल्या वस्तीत त्यातला मोठा वाटा पाण्यावरच जातो. सरकारनं एका दारानं दिलेलं टँकरवाला दुसऱ्या दारानं नेतो, आणि मधे महापालिका कुठंच नसते. सवलत देण्याची दुसरी रीतही होती. दिल्लीनं २०१५ मध्ये मीटर असलेल्या घरांना महिन्याला वीस हजार लिटर पाणी मोफत केलं. त्यातही नळ आणि मीटर नसलेले बाहेरच राहिले, पण तिथं सवलत निदान वापराला जोडलेली होती. जास्त उपसा करणाऱ्याला ती मिळत नव्हती.

आता शहराची नवी पाणीपुरवठा योजना. डिसेंबर २०२० मध्ये उद्धव ठाकरे यांनी तिचं भूमिपूजन केलं, तेव्हा ती १६८० कोटींची होती. पुढं खर्च २७४० कोटींवर गेला आणि त्यात महापालिकेच्या वाट्याला ८२२ कोटी आले. अडीच हजार मिलिमीटर व्यासाची वाहिनी पाहून मलाही बरं वाटतं. पण एवढा हिस्सा महापालिकेच्या डोक्यावर असताना पाणीपट्टी २०२५ वर किती दिवस राहील? दरवाढीचा प्रस्ताव सभागृहापुढं येईल तेव्हा नव्या नगरसेवकांनी ‘समांतर’चा करार आधी काढून वाचावा. पाणी येण्याआधी दर वाढवायचा नाही, एवढं तरी त्यातून शिकता येईल. आणि पहिल्याच अर्थसंकल्पात एक तरतूद करावी. ज्या घरापर्यंत नळ पोहोचलेला नाही, त्या घराला नळ मिळेपर्यंत टँकरनं येणारं ड्रमचं पाणी वर्षाला २०२५ रुपयांतच मिळालं पाहिजे. वरचा खर्च महापालिकेनं सोसावा.