जड नत्र काय सांगते?

पावसाळ्यात वावरात चार दिवस पाणी तुंबते. पीक पिवळे पडते. आपण म्हणतो, खत वाहून गेले. पण सगळेच वाहून जात नाही बरं का! काही खत मातीतले जिवाणू संपवतात.

हे जिवाणू डोळ्यांना दिसत नाहीत. वाफसा असला म्हणजे ते हवेतला प्राणवायू घेतात. मातीत पाणी भरले, की हवा मिळत नाही. मग जगायचे कसे? ते नायट्रेटातला प्राणवायू ओढून घेतात. नायट्रेट म्हणजे पिकाला लागू पडणारे नत्र. आपण टाकलेल्या युरियाचे मातीत शेवटी बहुतेक नायट्रेटच होते. त्यातला प्राणवायू गेला, की नत्राचा वायू होऊन उडून जातो. पैसा आपला, गेला वाऱ्यावर!

हे कळते कसे, तेही आम्ही सांगतो. नत्राचे बारीक कण दोन तऱ्हेचे. हजारात सुमारे ९९६ हलके, ४ किंचित जड. ढिगातली हलकी मोळी आपण आधी उचलतो ना? तसेच हलक्या कणाचे नायट्रेट जिवाणूंना फोडायला सोपे. म्हणून मागे उरलेल्या नायट्रेटात जड कणांचा वाटा वाढतो. शास्त्रज्ञ विहिरीचे पाणी घेऊन तो यंत्रावर मोजतात. शेणखताचे नत्रही जरा जडच असते. म्हणून ते नायट्रेटातला प्राणवायूही तपासतात. दोन्ही बरोबरीने जड होत गेले, तर काम जिवाणूंचे.

चिबड रानात चर काढावा. युरिया वाफशावर, थोडाथोडा द्यावा. पाणी निचरले की मातीत हवा शिरते, आणि जिवाणू नायट्रेट सोडून पुन्हा हवेकडे वळतात.