नट आवळून प्रीलोड येत नाही

मागच्या भागात आपण बॉल स्क्रू पाहिला. आज तो ज्या बेअरिंगांवर फिरतो, त्यांच्याकडे वळू. इंदूर, बडोदा, बेळगाव, हैदराबाद, जिथे जिथे आपली मंडळी जुन्या मिलिंग मशीनला बॉल स्क्रू बसवत आहेत, तिथून एकच प्रश्न येतो: "सर, महागडा स्क्रू घातला, तरी प्ले जात नाही. काय करू?"

आधी दोष नक्की कुठे आहे ते शोधा. स्क्रूच्या टोकाला सेंटरचं भोक असतं. त्यात जरा ग्रीस लावून स्टीलची गोळी बसवा आणि तिच्यावर चपट्या टोकाचं डायल गेज टेकवा. गेजचा बेस मशीनच्या बॉडीवर हवा. आता स्क्रू फिरू न देता टेबल पुढे-मागे ढकला. काटा हलला, तर स्क्रूच सरकतोय. दोष बेअरिंगच्या बाजूचा. काटा स्थिर आणि टेबल मात्र सरकलं, तर बॉल नट किंवा त्याचा ब्रॅकेट तपासा. ही पाच मिनिटांची तपासणी केल्याशिवाय काहीही नवं विकत घेऊ नका.

हा प्ले एवढा का बोचतो? डाउन मिलिंगमध्ये कटर जॉबला फीडच्याच दिशेने ओढतो. प्ले असेल तर टेबल तेवढं उडी मारून पुढे जातं. मग कटर तुटतो किंवा जॉब भंगारात जातो. जुन्या अॅक्मे स्क्रूमधलं घर्षण टेबलाला थोडं धरून ठेवायचं. बॉल स्क्रूची कार्यक्षमता 90 टक्क्यांच्या आसपास, त्यामुळे तो आधार राहत नाही.

साध्या डीप ग्रूव्ह बेअरिंगमध्ये मुळातच थोडी मोकळीक असते. म्हणून इथे अँग्युलर कॉन्टॅक्ट बेअरिंग लागतं. ते अक्षाच्या दिशेचा भार एकाच बाजूने घेतं, म्हणून जोडी लागते. पाठीला पाठ लावून, म्हणजे 'डीबी' पद्धतीने बसवलेली जोडी स्क्रूला वाकडं होऊ देत नाही.

आता मुख्य मुद्दा. कारखान्यात जुळवलेल्या डीबी जोडीत बाहेरच्या रिंगा एकमेकींना टेकतात, तेव्हा आतल्या रिंगांमध्ये काही मायक्रॉनची फट राहते. ती मुद्दाम ग्राइंड केलेली असते. लॉकनट कसला की फट मिटते आणि गोळ्या ठरलेल्या जोराने दाबल्या जातात. हाच प्रीलोड. तो त्या फटीत असतो. नटाचं काम फक्त फट मिटवणं आणि मिटलेली ठेवणं. बाजारातून दोन सुटी, न जुळवलेली बेअरिंगं आणून कसली, तर कधी प्ले राहतो, कधी बेअरिंग जाम होतं. तिथे कितीही मोठा पाना लावा, उपयोग नाही. जुळवलेली जोडीच घ्या.

बसवताना क्रम असा:

1. हाऊसिंग, शाफ्टचा शोल्डर आणि नटाचा चेहरा पुसून घ्या, बारीक बर काढा. शोल्डरवर चिकटलेला एक कण आपण जपलेल्या मायक्रॉनांचं गणित मोडतो.

2. बऱ्याच जोड्यांवर बाहेरून 'व्ही' आकाराची खूण असते. दोन्ही बेअरिंगं मिळून ती पूर्ण जुळली पाहिजे.

3. शाफ्टवर चढवताना आतल्याच रिंगवर दाब द्या. बाहेरच्या रिंगवर ठोकलंत, तर गोळ्यांचे व्रण ट्रॅकवर उमटतात.

4. लॉकनट उत्पादकाने दिलेल्या टॉर्कनेच कसा. अनेक जण आधी जास्त टॉर्कने कसून, सैल करून, मग ठरलेल्या टॉर्कने कसायला सांगतात, म्हणजे रिंगा नीट बसतात. शेवटी नट लॉक करा.

5. पुढचं कव्हर बाहेरच्या रिंगला दाबतंय ना, हे पाहा. बोल्ट कसण्याआधी कव्हर आणि हाऊसिंगमध्ये दोन-तीन शतांश मिलिमीटरची फट दिसली पाहिजे. कव्हर आधी हाऊसिंगला टेकलं, तर अख्खी जोडीच सरकत राहते.

मग स्क्रू हाताने फिरवा. सगळीकडे सारखा, गुळगुळीत अडसर जाणवला पाहिजे. खरखर किंवा मध्येच जड वाटलं, तर खोलून पाहा. जादा प्रीलोडने बेअरिंग तापतं आणि लवकर संपतं.

दुसऱ्या टोकाचं बेअरिंग मात्र अक्षाच्या दिशेने मोकळं ठेवा. स्टील दर मीटरला, दर अंश सेल्सियसला साधारण 11-12 मायक्रॉन वाढतं. 600 मिलिमीटरचा स्क्रू 10 अंशांनी तापला, तर सुमारे 70 मायक्रॉन लांबतो. दोन्ही टोकं नुसती जखडलीत, तर हा ताण थेट बेअरिंगवर जातो.

सैन्यात ईएमईच्या वर्कशॉपमध्ये आम्ही जवानांना सांगायचो: आधी मोजा, मग पाना उचला. लहान वर्कशॉपला एक परत आलेला जॉबही महाग पडतो, म्हणून तेच तुम्हाला सांगतो. पुढच्या भागात बॉल नटाचा प्रीलोड पाहू. जय हिंद.