गावातला आवाज: समज आणि नियम

हळदीची रात्र, साडेअकरा वाजून गेलेले. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर डीजे दणदणतोय. शेजारच्या घरात मांडणीवरची पितळी भांडी थरथरतायत, गोठ्यातली म्हैस दावं ओढतेय आणि उद्या दहावीचा पेपर असलेली मुलगी कानांवर उशी दाबून बसली आहे. कोणी बोललंच, तर उत्तर ठरलेलं: ‘हे नियम शहरातले. गावाला कुठले आलेत?’

हा सगळ्यात मोठा गैरसमज. ध्वनिप्रदूषण नियम, 2000 देशभर लागू आहेत आणि खेड्याला त्यांत सूट नाही. निवासी भागासाठी मर्यादा आहे दिवसा 55 डेसिबल, रात्री 45. रात्र म्हणजे दहा ते सकाळी सहा. डेसिबलचा हिशेबही साधा नाही: आकडा दहाने वाढला की ध्वनीची ऊर्जा दहापट होते. त्यामुळे ‘थोडाच वाढवलाय’ म्हणणाऱ्याने प्रत्यक्षात बराच वाढवलेला असतो.

‘दिवसा कितीही वाजवा’ हेही खरं नाही. लाऊडस्पीकरला दिवसाही लेखी परवानगी लागते. सरपंचांनी ‘वाजवा’ म्हटलं म्हणजे ती मिळाली, असं होत नाही; अर्ज पोलीस ठाण्यात करावा लागतो.

‘सणाला सगळं माफ’ असंही अनेकांना वाटतं. सवलत आहे, पण वर्षात जास्तीत जास्त 15 दिवस आणि रात्री बारापर्यंतच. ते दिवस जिल्हाधिकारी जाहीर करतात. घरची हळद किंवा वरात त्यांत आपोआप बसत नाही. आणि धर्माचं म्हणाल, तर लाऊडस्पीकर हा कोणत्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी 2025 मध्ये स्पष्ट सांगितलं आहे. मंदिर असो वा मशीद, नियम एकच.

शाळा-दवाखान्याभोवतीचे 100 मीटर मात्र आपोआप शांतता क्षेत्र होतात, असं समजू नका. 2017 च्या दुरुस्तीनंतर त्यासाठी शासनाची अधिसूचना लागते. आपल्या आरोग्य केंद्राभोवती ती आहे का, हे ग्रामसभेत जरूर विचारा.

लोक गप्प बसतात ते भीतीने. गावात उद्या तोंड दाखवायचं असतं, आणि ती भीती खोटी नाही. म्हणूनच तक्रारदाराचं नाव उघड न करता कारवाई करा, असं त्याच निकालात न्यायालयाने पोलिसांना बजावलं आहे. रात्री दहानंतर कर्णे चालू असतील, तर 112 वर फोन करा. जागा सांगा, वेळ सांगा.