जुन्या पडद्यावरच्या रेघा

अर्धापूरच्या एखाद्या केळीच्या अडत्याकडे १९९२ सालच्या हिशेबाची संगणकातली फाइल आहे, असे समजा. तेव्हा पडद्यावर रेघांची चौकट आणि तिच्या आत नाव, वजन, येणेबाकी असे सारे कसे नीटनेटके दिसायचे! आज तीच फाइल नव्या संगणकावर उघडली, तर आडव्या रेघांच्या जागी डोक्यावर दोन टिंबे घेतलेली रोमन अक्षरे रांगेने उभी. फाइल नासली म्हणून पुसून टाकायची का? थांबा. माल बहुधा शाबूत आहे. किल्ली तेवढी चुकीची लागली आहे.

जुना मजकुरी पडदा म्हणजे चौकटीची वहीच. ८० उभे रकाने, २५ ओळी, मिळून २००० घरे. दर घरात दोन आकडे : पहिला चिन्हाचा, दुसरा रंगाचा. रंगाच्या आकड्यात अक्षराचे १६ रंग, पाठीमागचे ८ आणि लुकलुकण्याची एक खूण. असा सगळा पडदा ४००० बाइटांत मावतो.

चिन्हाचा आकडा ० ते २५५ मधला. रोमन अक्षरे १२७ च्या आत बसतात. तेथे सहसा तंटा नाही. पुढच्या आकड्यांना मात्र ज्याने त्याने आपापला अर्थ दिला. १९८१ च्या आयबीएम पीसीच्या, म्हणजे ४३७ क्रमांकाच्या सारणीत १७९ म्हणजे उभी रेघ, १९६ म्हणजे आडवी. उलट १९९१ साली ठरलेल्या ‘इस्की’ या भारतीय प्रमाणात १७९ म्हणजे ‘क’ आणि १९६ म्हणजे ‘द’! पुण्याच्या सी-डॅकच्या ‘जिस्ट’ तंत्राने मराठी लिहिले गेले, ते या इस्कीच्या आधाराने. तेव्हा फाइल कोणत्या घरची, हे आधी विचारायचे.

मग कृती सोपी आहे. प्रथम मूळ फाइलची नक्कल करा. नव्या भाषेत ती मजकूर म्हणून न वाचता नुसते बाइट म्हणून वाचा. पडद्याचीच नक्कल असेल, तर एकाआड एक बाइट रंगाचा म्हणून बाजूला काढा. उरलेल्यांना योग्य सारणी लावा. पायथन या भाषेला ४३७ ची सारणी मुळातच ठाऊक आहे. इस्कीसाठी वेगळी सारणी जोडावी लागते. युनिकोडमध्ये या सगळ्या रेघांना स्वतंत्र क्रमांक आहेत, त्यामुळे तेथे ‘क’ आणि रेघ यांचे भांडण उरत नाही. शेवटी सम रुंदीचा टंक निवडा आणि ओळींमधली फट काढा. नाहीतर उभ्या रेघा तुटक दिसतात.

एवढे मात्र ध्यानात ठेवा बरं का : चुकीच्या सारणीने उघडलेली फाइल तशीच जतन करू नका. न ओळखलेल्या चिन्हांच्या जागी प्रश्नचिन्हे बसली, की मूळ आकडा गेला तो गेला. चौकट पुन्हा आखता येते. पण इस्कीत लिहिलेले शेतकऱ्याचे नाव त्याबरोबर गेले, तर येणे कोणाचे, हे कोणाला विचारायचे?