बीमवरचे चाळीस गुण

अग्निवीर जनरल ड्युटी भरतीच्या मैदानी चाचणीत बीमला ४० गुण असतात. दहा पुल-अप काढले तर पूर्ण ४०, सहा काढले तर १६. सहाच्या आत मुलगा बाद. आमच्या पारशिवनी तालुक्यात धावण्यात टिकून बीमवर अडकणारी पोरे मी बरीच पाहिली आहेत. त्यांना हमखास सल्ला मिळतो: कमरेएवढ्या उंच बारखाली निजा, टाचा जमिनीवर टेकवा आणि छाती बारकडे ओढा. याला इन्व्हर्टेड रो म्हणतात. हा व्यायाम पुल-अपची जागा घेईल का?

पहिला फरक ओझ्याचा. बारला लटकलेल्या ६० किलोच्या मुलाचे सगळे वजन हातांवर येते. रोमध्ये शरीराची तरफ होते, टेकू टाचांशी. उंची १७० सेंटिमीटर धरली, तर गुरुत्वमध्य टाचांपासून साधारण ९५ सेंटिमीटरवर, म्हणजे बेंबीच्या आसपास येतो आणि हातांची ओढ १३० सेंटिमीटरवर. ६० गुणिले ९५ भागिले १३०, म्हणजे हातांवर सुमारे ४४ किलो. बार उंच करून अंग ४५ अंशांत तिरपे ठेवले, तर ३१ किलोच्या आसपास. ओझे असे हवे तसे बदलता येते, हा रोचा मोठा गुण.

दुसरा फरक दिशेचा. अडेल बैलाचा कासरा खेचताना हात समोरून मागे येतात. ती रोची ओढ. तिथे खांद्याची पाती जवळ आणणाऱ्या स्नायूंवर भर असतो. रहाटावरून पाणी शेंदताना दोर वरून खाली येतो. ती पुल-अपची ओढ. तिथे पाठीचा रुंद स्नायू, लॅटिसिमस, हात डोक्यावर असल्यापासून ताणलेल्या स्थितीत कामाला लागतो, आणि पाती खालीही खेचावी लागतात. जोर हा तर ढकलण्याचा व्यायाम. त्याने यातले काहीच होत नाही.

ताकद ज्या दिशेत आणि कोनात कमवावी, तिथेच ती जास्त वाढते. म्हणून रो हा पाया आहे, बदली नाही. मधली पायरी उतरण्याची. स्टुलावर चढून हनुवटी बारवर न्यावी आणि पाच सेकंद मोजत हळूहळू खाली यावे. स्नायू जेवढे उचलू शकतो, त्याहून जास्त ओझे आवरत खाली सोडू शकतो. त्यामुळे एकही पुल-अप न निघणाऱ्यालाही पूर्ण वजनाचा आणि योग्य दिशेचा सराव पहिल्या दिवसापासून मिळतो. भरतीला वयाची अट आहे; नुसत्या रोवर वर्ष घालवणे पोरांना परवडणारे नाही.