आभाळ निरभ्र, वारा पंचेचाळीस नॉट

पनामा कालवा ओलांडून जहाज कॅलिफोर्नियाच्या दिशेला लागलं, की हवामानाच्या बुलेटिनमध्ये मी आधी एकच नाव शोधायचो: तेहुआंतेपेक. मेक्सिकोच्या दक्षिण किनाऱ्यावरचं हे आखात साधारण आपल्या गोव्याच्या अक्षांशावर येतं. मी तेव्हा कंटेनर जहाजावर सेकंड ऑफिसर होतो. नकाशे, मार्ग आणि हवामान हे खातं सेकंडचं. जानेवारी महिना, पाणी कोमट, अंगात अर्ध्या बाह्यांचा शर्ट, आणि हातातल्या कागदावर ‘गेल वॉर्निंग’.

“सेकंडसाब, वारा येणार कुठून? आभाळ तर निवळशंख आहे,” आमचे सुकाणी म्हणायचे. गुहागरकडचे, वयानं माझ्या वडिलांच्या बरोबरीचे. जहाजावर सगळे त्यांना चाचा म्हणत.

“चाचा, आभाळाला नका विचारू, टेक्सासला विचारा,” हे माझं ठरलेलं उत्तर.

चाचांची शंका रास्तच होती. कोकणात वाढलेल्या माणसाला वादळाची चाहूल कशी लागते ते माहीत असतं. हवा कोंदते, समुद्रावर काळोख धरतो, बॅरोमीटर उतरायला लागतो. तेहुआंतेपेकात यातलं काहीच घडत नाही. उष्ण कटिबंधात हवेचा दाब एरवीही रोज दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो. सकाळी आणि रात्री दहाच्या सुमाराला सर्वांत जास्त, पहाटे आणि दुपारी चारच्या सुमाराला सर्वांत कमी. बॅरोमीटरची सुई त्याच लयीत हलत राहते आणि मग बघता बघता दहा नॉटचा वारा चाळीसवर जातो. वर ऊन तसंच.

याचं मूळ खरोखरच टेक्सासात आणि त्याच्याही पलीकडे कॅनडात असतं. हिवाळ्यात तिथली जड, थंड हवा दक्षिणेला घसरते, मेक्सिकोच्या आखातावर पसरते आणि मेक्सिकोच्या पूर्व किनाऱ्यावरच्या डोंगरांना येऊन अडते. आखाताच्या बाजूला दाब वाढत जातो, पॅसिफिकच्या बाजूला तो कमीच राहतो. मध्ये पर्वतांची भिंत. तिला एकच मोठी फट आहे, तेहुआंतेपेकची संयोगभूमी. इथं दोन समुद्रांमधलं अंतर जेमतेम दोनशे किलोमीटर आणि खिंडीची उंची अडीचशे मीटरच्याही आत, तर दोन्ही बाजूंचे डोंगर दोन हजार मीटरच्या पुढचे. समोरासमोरची दोन दारं उघडी राहिली की घरातून वारा भणाणत जातो, तसा हा खिंडीतून सुटतो आणि पॅसिफिकवर शेकडो किलोमीटर आत घुसतो. मोसम ऑक्टोबर ते एप्रिल, जोर डिसेंबर-जानेवारीत. खिंडीच्या तोंडाशी ला व्हेंतोसा नावाचं गाव आहे. तिथं महामार्गावर मालाचे ट्रक वाऱ्यानं उलटतात. त्याच माळरानावर आता पवनचक्क्यांची रांगच्या रांग उभी आहे.

समुद्रावरचा हिशोब मात्र वेगळा. किनाऱ्यालगत वारा सर्वांत जोरात असतो, पण लाट उठत नाही. लाट वाढायला वाऱ्याला पाण्यावर लांबवर धाव मिळावी लागते, आणि किनाऱ्यापाशी ती मिळत नाही. पाणी फेसाळतं, तुषार उडतात, डेकवर उभं राहवत नाही, तरी जहाज फारसं हलत नाही. शंभर मैल बाहेर गेलात, तर वारा जरा कमी, पण लाटा पाच-सहा मीटरच्या. जहाज पश्चिम-वायव्येला चाललेलं, वारा उत्तरेचा, म्हणजे लाटा थेट उजव्या कुशीवर. कंटेनरच्या थप्पीला हे अजिबात मानवत नाही. म्हणून या वाटेवरचे जुने खलाशी सांगतात, किनारा सोडू नका. खोली आणि नियम जेवढं जवळ जाऊ देतील तेवढं जवळून आखाताला वळसा घ्यायचा. वाट लांबते, इंधन जास्त जळतं. कंपनीच्या ऑफिसला हे पटवणं हे मात्र हवामानशास्त्राच्या बाहेरचं काम! बोसन, म्हणजे डेकवरचा मुकादम, आणि त्याची माणसं आदल्या दिवशीच कंटेनरचं लॅशिंग आवळून ठेवायची.

वारा येणार हे आदल्या दिवशी कळायचं कसं? मायामीच्या राष्ट्रीय हरिकेन केंद्राचं नाव आपण चक्रीवादळांच्या बातम्यांत ऐकतो. अटलांटिकचा मोसम ३० नोव्हेंबरला संपतो; पण त्या केंद्रात ट्रॉपिकल ॲनालिसिस अँड फोरकास्ट ब्रँच नावाचा विभाग आहे आणि तो बारा महिने, चोवीस तास चालतो. उष्ण कटिबंधातला अटलांटिक, कॅरिबियन आणि पूर्व पॅसिफिक यांच्यासाठी त्यांचं खुल्या समुद्राचं बुलेटिन दिवसातून चार वेळा निघतं आणि उपग्रहामार्फत जहाजाच्या ब्रिजवर छापून येतं. भाषा तारेसारखी त्रोटक. अमुक रेखांशाच्या अमुक मैलांत वारा इतका, लाटा इतक्या. चोवीस तासांनी इतक्या, अठ्ठेचाळीस तासांनी इतक्या. ३४ ते ४७ नॉट म्हणजे गेल, ४८ ते ६३ स्टॉर्म, ६४ च्या पुढे हरिकेन-फोर्स, म्हणजे ताशी सुमारे ११८ किलोमीटरच्या वर. तेहुआंतेपेकात हिवाळ्यात कधीकधी हा तिसरा शब्दही येतो, चक्रीवादळ आसपास नसताना.

मला विचाराल तर या आखाताचा अंदाज हा सागरी हवामानातल्या खात्रीच्या अंदाजांपैकी एक आहे. कारण मोठं असतं आणि सावकाश येतं. थंड हवेची आघाडी टेक्सासचा किनारा सोडून खिंडीपाशी पोचायला एक-दोन दिवस घेते आणि तिचा ठाव हवामान केंद्रांवर सतत नोंदला जातो. खिंड कुठं पळून जात नाही. प्रश्न उरतो तो किती वाजता आणि किती जोराचा, एवढाच.

जोर किती हे पूर्वी तिथं सापडलेल्या जहाजानं कळवलं तरच समजायचं, आणि इशारा वाचून शहाणी जहाजं तिथून लांब राहायची, त्यामुळे मोजणार कोण! स्कॅटरोमीटरनं हे बदललं. उपग्रहावरचं हे रडार समुद्रावर सूक्ष्मलहरी सोडतं. वाऱ्यानं पाण्यावर उठवलेल्या सेंटिमीटरभर तरंगांवरून त्या परत फिरतात, आणि परतलेल्या लहरींच्या जोरावरून वाऱ्याचा वेग आणि दिशा काढता येते. १९९९ मध्ये सोडलेल्या अमेरिकेच्या क्विकस्कॅटनं तेहुआंतेपेकचे वारे किती विकोपाला जातात ते दाखवलं. २००९ मध्ये त्याचं काम थांबलं, त्याच वर्षी इस्रोनं ओशनसॅट-२ सोडला. त्याच्यावरच्या स्कॅटरोमीटरची मोजमापं परदेशातल्या हवामान संस्थांनीही वापरली. हे चाचांना सांगितलं तेव्हा त्यांनी “मग आपलंच आहे म्हणायचं” असा निकाल दिला. या यंत्राला जोरदार पावसात नीट दिसत नाही, पण तेहुआंतेपेकात हा वारा सुटतो तेव्हा पाऊस सहसा नसतो.

बुलेटिनमधल्या लाटेच्या उंचीबद्दल नवख्यांची हमखास गल्लत होते. चार मीटर लिहिलं म्हणजे चारच्या वर लाट नाही, असं नव्हे. ती सर्वांत उंच एक-तृतीयांश लाटांची सरासरी असते. तासन्‌तास त्या समुद्रात राहिलात तर तिच्या जवळजवळ दुप्पट उंचीची एखादी लाट भेटणार, हे गृहीतच धरायचं.

पलीकडे कॅरिबियनमध्ये कोलंबियाच्या किनाऱ्याजवळही हिवाळ्यात असाच वारा असतो, फक्त तो रात्री आणि पहाटे गेलपर्यंत चढतो आणि दिवसा थोडा उतरतो. बुलेटिनमध्ये तो आठवडेच्या आठवडे ठाण मांडून बसतो.

आपल्या अरबी समुद्रात हिवाळा शांत. सकाळी मतलई, दुपारी खारा वारा, होड्या निवांत. तरीही कधी जानेवारीत वारा नसताना वायव्येकडून लाटांच्या शिस्तीतल्या ओळी येतात. हे स्वेल, म्हणजे दुसरीकडच्या वाऱ्यानं उठवून सोडून दिलेल्या लाटा. हिवाळ्यात इराणच्या आखातात शमाल नावाचा वायव्य वारा सुटतो. त्यानं अरबी समुद्राच्या वायव्य भागात उठवलेल्या लाटा रत्नागिरी आणि गोव्यापर्यंत पोचतात, हे गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी मोजमापांवरून दाखवून दिलं आहे. खोल पाण्यात अशा लाटांचा समूह किती वेगानं येतो याचा सोपा आडाखा आहे. दोन शेंड्यांमधले सेकंद मोजायचे आणि त्यांची दीडपट करायची, की वेग नॉटमध्ये मिळतो. आठ सेकंदांची लाट बारा नॉटनं येते, म्हणजे दिवसाला दोनशे अठ्ठ्याऐंशी सागरी मैल.

हैदराबादच्या इन्कॉइस या संस्थेच्या सागरी अंदाजात स्वेलची उंची, दिशा आणि कालावधी वाऱ्यापासून वेगळे दिलेले असतात. हर्णै किंवा मालवणहून पहाटे होडी काढणाऱ्यानं आधी वाऱ्याचा आकडा बघावा, आणि तो कमी आहे म्हणून फोन खिशात टाकण्याआधी स्वेलचाही बघावा.